बोर्ड एवढे वर कायले?

मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण काकाजींच्या हॉलमधला कूलर आतापासूनच थकला होता. एका सोफ्यावर घर विकणारे काकाजी, समोर घेणारा मुलगा, त्याची बायको आणि म्हातारे वडील. मधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी. दलालाची खुर्ची बहुतेक घरी प्लास्टिकचीच असते.

फ्लॅट नागपुरात, अंबाझरी लेआउटच्या भागातला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून. तीन मजली जुनं अपार्टमेंट, लिफ्ट नाही, फ्लॅट तळमजल्यावर. काकाजींनी तो १९९९ मध्ये ६ लाख ४० हजारांना घेतला होता. आता मागत होते ९२ लाख. मुलगा ७० वर अडून बसला होता. मिहानमध्ये आयटीत नोकरी, बायको बँकेत, मूळ गाव हिंगणघाट.

काकाजींचा हिशेब त्यांच्या दृष्टीने चोख होता. त्यांच्या पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं की ऑनलाइन याच भागातले असे फ्लॅट कोटीला लागलेत. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी २०२२ मध्ये ८५ ला दिला, म्हणजे तीन वर्षांनी ९२ का नको? शिवाय दीड वर्षापूर्वी सात लाख खर्चून किचन, दारं, फरशी, रंग सगळं नवं केलेलं. मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांवर. खर्च केला तो भावात मिळवायचा, शेजाऱ्याला मिळालं त्याहून थोडं जास्त मागायचं. सगळेच मालक असंच करतात. मीसुद्धा माझं घर विकताना असंच करीन.

घेणाऱ्या मुलानं टेप आणला होता. १०२० चौरस फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजला तर साडेसातशेच्या आसपास भरला. "जिना आणि पार्किंगच्या हवेचे पैसे मी नाही देणार," तो म्हणाला. त्याचा हिशेब हप्त्याचा होता. करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्यूअरनं काढलेली किंमत, यांतली जी कमी असेल तिच्या फार तर ऐंशी टक्के कर्ज एवढ्या किमतीच्या घराला मिळतं. व्हॅल्यूअरनं ७५ लिहिले आणि व्यवहार ९२ ला झाला, तर मधले १७ लाख सगळेच्या सगळे खिशातून. मालकांना ही गोष्ट कितीदा समजावली तरी पटत नाही. त्यांना वाटतं, बँक आपल्या घराचा अपमान करून राहिली.

ऑनलाइन जे आकडे दिसतात ते मागितलेले असतात, मिळालेले नव्हे. मिळालेला आकडा सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीच्या सरकारी उताऱ्यात असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष आणि मिळकत टाकली की कोणालाही पाहता येतो. मी त्या दिवशी दुसऱ्या मजल्याची सूची प्रिंट काढून नेली होती. ८५ नव्हे, ७४ लाख. कागद टीपॉयवर ठेवला तसा काकाजींचा चेहरा उतरला. "उरलेले वरून दिले असतील," ते पुटपुटले. दिलेही असतील, पण त्याची सूची निघत नाही.

एवढं होऊनही काकाजी ८८ च्या खाली यायला तयार नव्हते आणि मुलगा ७२ च्या वर. सूनबाई मोबाइलवर दुसरीकडचे फ्लॅट पाहू लागल्या. ही वाईट खूण.

म्हातारे बाबा तोवर एक शब्द बोलले नव्हते. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. दोन्ही गुडघे गेलेले. तळमजला हवा होता तो त्यांच्यासाठीच. ते काठी टेकत उठले, हॉलच्या भिंतीपाशी गेले, मग बेडरूममध्ये डोकावले, मग किचनमध्ये. परत आले आणि काठीचं टोक भिंतीकडे करून म्हणाले, "साहेब, हे प्लगचे बोर्ड एवढे वर कायले लावले जी?"

मीही तेव्हाच नीट पाहिलं. टीव्हीचा, फ्रिजचा, पलंगाजवळचा, प्रत्येक पॉइंट छातीच्या उंचीवर. टीव्हीची वायर भिंतीवरून हातभर खाली लोंबत होती. नव्या रंगाखाली, फूटभर उंचीवर, जुन्या बोर्डांचे चौकोन सिमेंटनं बुजवलेले. तिरप्या उजेडात तेवढा भाग किंचित फुगीर दिसत होता.

"नातवंडं येतात ना पुण्याहून, बोटं घालतात," काकाजी म्हणाले.

किचनच्या दारात काकू सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि एक हात कमरेला लावला. "इथवर पाणी होतं. खोटं कायले बोलता?"

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. नागपुरात हे कोणाला सांगावं लागत नाही. सांडव्याजवळच्या स्मारकावरून, नदीच्या भिंतीवरून लोक हायकोर्टात गेले, सरकारनं घरटी १० हजार जाहीर केले, पेपर भरभरून आले. काकू सांगत होत्या ते पेपरातलं नव्हतं. फ्रिज तरंगत येऊन दाराला आडवा झाला, दार उघडेना. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी खिडकीची जाळी तोडली. कपाटातल्या लग्नाच्या शालूचा रंग उतरून सगळ्या साड्या गुलाबी झाल्या. हे सांगताना त्या हसल्या. काकाजी कूलरकडे पाहत बसले होते.

मुलगा माझ्याकडे वळला. "भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

वीस वर्षांच्या धंद्यात एक पळवाट मी स्वतःला पढवून ठेवली आहे: विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही. हिंगणघाटहून आलेल्या माणसाला काय विचारायचं हेच माहीत नसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बायकोनं पर्स उचलली. मला वाटलं, संपलं.

पण बाबा बाहेर पार्किंगकडे निघाले होते. जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर. खालची ओळ गुडघ्याच्या उंचीवर, पेटीचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. "घरातले बोर्ड वर नेले," बाबा म्हणाले, "पण मीटर तर पाण्यातच राहून राहिले. पुन्हा पूर आला की माणूस फ्रिजनं नाही, इथं मरन." मग काकाजींकडे वळून, "पाणी आमच्या हिंगणघाटात पण येते. वणा नदी नाही का? पाण्याचं मी पाहून घेईन. पायऱ्या नाही होत आता. बाकीच्यांच्या सह्या घेऊन मीटर वर करून द्या, मग भावाचं बोलू."

काकाजी पहिल्यांदाच सरळ बोलले. "पाणी आलं म्हणून आम्ही घर सोडलं नाही. मग त्याचा भाव कायले सोडू?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे अजूनही नाही.

तीन आठवडे लागले. मीटर वर गेले, आठ बिऱ्हाडांच्या सह्या काकूंनी दारोदार फिरून आणल्या. व्यवहार ७८ लाखांवर झाला. रजिस्ट्री सूनबाईंच्या एकटीच्या नावावर केली. महिलेला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ७८ हजार वाचले. चावी देताना काकूंनी सूनबाईंना माळा दाखवला. "गहू वर ठेवत जा. जून ते सप्टेंबर खाली काहीच ठेवू नको."

दलाली दोन्हीकडून एकेक टक्का ठरली होती. मुलानं अर्धी दिली. "पुराचं तुम्ही सांगितलं नाही," म्हणाला. काकाजींनीही अर्धीच दिली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "९२ येणार नाहीत हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं ना." सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा दलाल पाहिला असता. पण हे काही मी बोललो नाही. पैसे मोजून घेतले आणि निघालो.