चढ चालतो, उतार नाही

मंगळवार, रात्री

बर्डीवर जुनी ओळखीची भेटली. ती बोलत होती, मी मान डोलवत होते, आणि सगळं लक्ष टेकायला खांब कुठे आहे यात. लोकांना वाटतं मला चालणं जड जातं. जातंच, पण एका जागी उभं राहणं त्याहून वाईट. दोन मिनिटांत कंबरेतून कळ मांडीत उतरते. म्हणून माझ्या डोक्यात नागपूरचा नकाशाच वेगळा झालाय: ट्रॅफिक पार्कचे बाक, मेट्रोच्या फलाटावरच्या खुर्च्या, ओळखीच्या दुकानातलं स्टूल. मधल्या रस्त्याचं अंतर मी किलोमीटरमध्ये मोजत नाही.

माझ्या मणक्यात नसांची जागा अरुंद झालीय. पुढे वाकलं की ती जरा मोकळी होते, कंबर मागे गेली की आवळते. म्हणून सेमिनरी हिल्सचा चढ मी दम खात का होईना चढते, आणि उतरताना रडकुंडीला येते. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरते तेही यामुळेच. ह्यांना आधी वाटायचं, खरेदी असली की हिची पाठ बरोबर राहते!

वजनाचं फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी नीट सांगितलं. पोटाचा भार पुढे ओढतो, त्याला तोलून धरताना कंबरेचे स्नायू शिणतात, मग पावलं आखूड पडतात आणि पाय फाकवून चालणं सुरू होतं. आणि एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. हा हिशोब मला पटला. नुसतं 'वजन कमी करा' तर नणंदही म्हणते, ऑटोवालाही म्हणतो.

नणंदेनं दिलेला कंबरेचा पट्टा कपाटात पडलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीला व्यायाम सांगितलाय, पट्टा नको म्हटलंय. हे नणंदेला कोण सांगणार?

तर ठरलं. टेकडी चढायची पायी, उतरायचं ऑटोनं. शेजारीण हसली, "काय करून राहिली बाप्पा, उतरायला कोणी ऑटो करते का?"

मी करते. वीस रुपये जास्त मागितले तरी करते.