दर्शन आणि ट्रेक, एकाच दिवशी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: ‘शनिवारी रात्री मुंबईहून निघालो तर रविवारी त्र्यंबकेश्वराचं दर्शन आणि जवळचा हरिहर गड, दोन्ही होईल ना?’ घरातली मोठी माणसं त्याचीच दुसरी बाजू विचारतात: ‘देवाच्या गावी जाऊन गड कसले चढता? दर्शन घ्या आणि घरी या.’ दोघांनाही फोनवर अर्धवट उत्तरं देऊन मी कंटाळले आहे.

पहिल्यांना सरळ उत्तर देते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सोमवार आणि सुट्ट्या सोडून, पहाटेचं दर्शन घेतलंत तर होतं. पावसाळ्यातल्या रविवारी होत नाही. ‘आमच्या मित्रांनी केलंय’ असं यावर ऐकायला मिळतं. केलं असेल. काय गाळून केलं, तेही त्यांना विचारा.

हिशेब मांडून बघा. मंदिर पहाटे साडेपाचच्या सुमारास उघडतं, श्रावणी सोमवारी त्याहून लवकर. साध्या दिवशी दार उघडताना रांगेत असाल तर दीडेक तासात मोकळे होता. सुट्टीच्या दिवशी नऊ-दहाला रांगेत लागलात तर चार-पाच तास उभं राहायची तयारी ठेवा. बाहेर पडेपर्यंत दुपारचे दोन. जेवण धरून हरिहरच्या पायथ्याच्या निरगुडपाड्याला पोहोचेपर्यंत साडेतीन. तिथून पायऱ्यांच्या तळाशी जायला दीड-दोन तास. म्हणजे हरिहरच्या कातळपायऱ्यांना तुम्ही हात लावणार संध्याकाळी साडेपाचला, सकाळभर उभं राहून आंबलेल्या पायांनी, आणि उतरणार अंधारात.

या पायऱ्या चढायला जेवढ्या अवघड दिसतात तेवढ्या नाहीत. दोन्ही कडांना बोटं अडकवायला खोबण्या कोरल्या आहेत आणि त्या अजून चांगल्या शाबूत आहेत. अवघड आहे ते उतरणं. तोंड कातळाकडे ठेवायचं, शिडीवरून उतरतो तसं. दोन हात आणि एक पाय पक्का असल्याशिवाय दुसरा पाय हलवायचा नाही. सॅक पाठीला घट्ट आवळलेली हवी. छत्री, हातातली बाटली, गळ्यात लोंबणारा कॅमेरा, काहीही मोकळं नको. दरवाजातून आत गेल्यावर कड्याच्या पोटातून वाकून जायची वाट आहे आणि पुढे पुन्हा पायऱ्या, त्या जास्त अरुंद. वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच रांगेत समोरासमोर येतात तेव्हा खरी पंचाईत होते. मध्ये एखाद्याचे पाय लटपटले की तो जागच्या जागी बसतो. त्याच्या मागचे सगळे ओल्या कातळावर, पायाखाली जेमतेम टाचेएवढी जागा घेऊन, ताटकळत उभे. दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. ज्याने हे केलंय त्याला चढायला सांगा पहिलं, उतरायला शेवटचं. आणि सकाळी नऊच्या आत पायऱ्यांशी पोहोचता येत नसेल तर सुट्टीच्या दिवशी हरिहरला जाऊच नका. वनखातं गर्दी पाहून बंदी किंवा मर्यादा घालतं, तेही निघण्याआधी विचारून घ्या.

आता वडीलधाऱ्यांसाठी. त्र्यंबकला डोंगर देवापासून वेगळा काढताच येत नाही. निवृत्तिनाथांची कथा तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आईवडील आणि भावंडांबरोबर त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराची प्रदक्षिणा चालू असताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, निवृत्तिनाथ एका गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला. वारकरी परंपरेतली ही गुरुभेट डोंगरात वाट चुकल्यामुळे झाली, असं परंपराच सांगते. त्यांची समाधी ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलेलं काळ्या दगडाचं देऊळ सुंदर आहे, पण गोदावरीचा उगम देवळात नाही, वर माथ्यावर आहे. मग वर जाणाऱ्या पोरांना ‘हुंदडायला चाललेत’ का म्हणायचं?

म्हणून ज्यांना खरोखर दोन्ही हवंय त्यांना मी ब्रह्मगिरी सांगते. हरिहरचं नाव निघालं की डोळे चमकतात आणि ब्रह्मगिरी म्हटलं की ‘तिथे पायऱ्याच आहेत ना?’ असा चेहरा होतो, याचा मला खरंच त्रास होतो. सुमारे १३०० मीटर उंचीचा हा डोंगर हरिहरपेक्षा उंच आहे. पहाटे दर्शन, सातला चढाई सुरू, साधारण अडीच तासांत माथा. निम्म्या वाटेवरून एक फाटा गंगाद्वार या डोंगरातल्या तीर्थाकडे जातो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तेवढंच करावं, त्यात काही कमीपणा नाही. वर गेल्यावर कातळात खोदलेला जिना आणि दरवाजे लागतात, मग पठार, गोदावरीच्या उगमाचं देऊळ आणि महादेवाने जटा आपटल्या ते स्थान. पाणी माणशी दोन लिटर. खाऊ सॅकच्या आत, प्लास्टिकची पिशवी हातात अजिबात नको. कठड्यावरची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात, आणि अरुंद जिन्यावर झटापट झाली तर पडतो तो माणूस.

आणि साहसच हवं असेल तर पठाराच्या उत्तर टोकाला दुर्गभांडार आहे. कातळाच्या पोटात खोदलेला जिना सरळ खाली उतरतो, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याहून कितीतरी उंच भिंती. तळाशी एवढंसं दार, त्यातून रांगत बाहेर पडायचं. बाहेर दोन्हीकडे दरी आणि मधोमध कातळाची नैसर्गिक भिंत. तिच्यावरून चालत पलीकडे जायचं, पुन्हा तसंच रांगत दार, पुन्हा जिना, वर. उन्हाळा-हिवाळ्यात हे कोणत्याही धडधाकट माणसाला जमतं. पावसात तो जिना पाण्याची पन्हळ होतो, भिंतीवर वारा उभं राहू देत नाही, आणि धुक्यात पठाराची कड दिसत नाही. जून ते सप्टेंबर तिकडे फिरकू नका.

इथपर्यंत वाचून पुष्कळजण म्हणतात, गड राहू दे, मग येता येता धबधबा तरी करू. आणि मला दुगारवाडी आठवते.

त्र्यंबकहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सापगावच्या अंगाला, खोल घळीत हा धबधबा आहे. ऑगस्ट २०२२ मधल्या एका रविवारी तिथे माणसं खाली उतरलेली असताना पाणी अचानक वाढलं आणि ती पलीकडे अडकली. बचावपथकाच्या माणसांनी अंधारात, दोर लावून वीसहून जास्त जणांना बाहेर काढलं. एक जण वाहून गेला. ही बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली, हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा विचारलं, ‘पाणी किती असतं हो तिथे?’

पाणी किती असतं, हा प्रश्नच उपयोगाचा नाही. किती वेळात वाढतं ते महत्त्वाचं. इथल्या डोंगरांची पठारं उघड्या कातळाची, माती पातळ, आणि जुलैच्या मध्यापर्यंत तीही पिऊन तृप्त झालेली. त्यानंतर वर पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. ओढे आखूड आणि उताराचे, त्यामुळे काही मिनिटांत घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल, पाऊस वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडत असेल, तुम्हाला पत्ताही नसेल. घळीत उतरताना जो ओढा तुम्ही हसत ओलांडला तोच परतीच्या वाटेवर आडवा असतो.

खुणा असतात, त्या शिका. नितळ पाणी गढूळ, तांबूस होऊ लागतं. पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात. आवाज जड होतो. मघाशी उघडा दिसणारा दगड बुडतो. यातली एक जरी खूण दिसली तर फोटो, डबा, सगळं सोडून ओढ्याच्या गाडीकडच्या बाजूला या. आणि पलीकडेच अडकलात तर? तर तिथेच थांबा. उंचावर जा, कोरडे कपडे चढवा, टॉर्च जपून वापरा. हाताला हात धरून साखळी करून ओढा ओलांडायचा मोह होतो. तो आवरा, कारण वेगाचं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, आणि साखळीतला एक घसरला की बाकीचेही ओढले जातात. पाऊस थांबला की आखूड ओढा जसा चढतो तसाच काही तासांत उतरतो. रात्र उपाशी, भिजलेली, भयंकर जाईल. पण जाईल. घळीत फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. म्हणून उतरण्याआधी वर गाडी लावता तिथल्या गावकऱ्यांना सांगून जा: आम्ही इतके जण, इतक्या वाजता परत. त्यांनी ‘आज नको’ म्हटलं तर हुज्जत घालू नका.

पूर्वी मी सगळ्यांना एकच सांगत असे: पावसाळ्यात त्र्यंबकला येऊ नका, नोव्हेंबरात या. आता ते तोंडातून निघत नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी पावसातच असते. छोटी वीसेक किलोमीटरची, मोठी चाळीसच्या आसपासची. गावातल्या कुशावर्त कुंडात स्नान करून माणसं रविवारी रात्रीच चालू लागतात, कितीतरी अनवाणी, त्यांत साठी उलटलेल्या बायका. त्यांना मी नोव्हेंबरात यायला सांगू? जवळच्या अंजनेरी डोंगराच्या सड्यावर फक्त त्या परिसरात सापडणारं कंदीलपुष्प फुलतं तेही पावसाळ्यातच. पण ‘या’ म्हटलं की माझ्यासमोर ती घळ येते. दोन्ही खरं आहे आणि माझ्याकडे यातून वाट नाही.

निदान फेरीला येणाऱ्यांनी एवढं करा. उपास असला तरी पाणी आणि मीठ सोडू नका. श्रावणात चक्कर येऊन बसणारे बहुतेक कडकडीत उपासाचे असतात. सैंधव घातलेलं लिंबूपाणी, खजूर, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, दर तासाला थोडं थोडं. सवय नसताना अनवाणी चालायचा हट्ट धरू नका. बुटात चालणार असाल तर नखं कापून, पायाला खोबरेल चोपडून, कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड बरोबर घ्या. भिजलेल्या मोज्यात पाचव्या-सहाव्या किलोमीटरला फोड येतो आणि उरलेली वाट तोच ठरवतो. रस्त्याचा भाग अंधारात असतो, टॉर्च हवाच. मुक्कामाला यायचं तर खोली आधी ठरवा. नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी आहे, मुहूर्त असले की यजमानांनीच लॉज भरून जातात.

आणि आता नवा प्रश्न सुरू झाला आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. ‘पर्वणीला येतोच आहोत, तर हरिहर जोडून घेऊ का?’ ऐन पावसात, शैव आखाडे आणि लाखो माणसं या एवढ्याशा गावात असताना, बाहेरच्या गाड्या दूरच्या वाहनतळावर अडवलेल्या असताना, आणि जे बचावाला धावतात ते सगळे घाटावरच्या बंदोबस्तात गुंतलेले असताना? नको. स्नानाला या, निवृत्तिनाथांच्या समाधीला जा, ब्रह्मगिरीकडे खालूनच बघा. हरिहरसाठी डिसेंबरातला एखादा बुधवार काढा. तेव्हा विचारलंत तर निरगुडपाड्याने जायचं की हर्षेवाडीने, हे मी आनंदाने सांगेन.