पत्र्याला दिलेला ताव

माझे बालपण पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत गेले. हातोड्यांचा आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता की, तो थांबला तरच आमचे लक्ष जाई.

नववीत विज्ञानाच्या सरांनी ‘वर्धनीयता’, म्हणजे ठोकल्यावर न तुटता पसरण्याचा धातूचा गुण, शिकवली. 1 ग्रॅम सोने ठोकून सुमारे 1 चौरस मीटर वर्ख होतो, हे ऐकून वर्ग थक्क झाला. मग त्यांनी तांब्याची जाड तार लोखंडी ठोकळ्यावर ठेवून ठोकायला घेतली. तार चपटी होत गेली. पुढे हातोडी नुसती उसळू लागली आणि कडेला बारीक चीर पडली. मी न राहवून म्हणालो, “सर, तिला ताव द्यायला हवा होता, म्हणजे तापवून मऊ करायला हवे होते.” वर्ग हसला, सर मात्र हसले नाहीत. त्याच शनिवारी ती तार खिशात घालून ते आमच्या दुकानात आले.

वडिलांनी तार पाहिली आणि “गुरुजी, चीर गेल्यावर तावाचा उपयोग नाही,” असे म्हणून ती मोडीत टाकली. मग घंगाळाचा अर्धवट घडलेला पत्रा भट्टीत लाल होईपर्यंत तापवून त्यांनी तो पाण्यात बुडवला. सर चपापले, कारण तापलेले पोलाद असे विझवले की कडक होते; तांबे मात्र मऊच राहते. मऊ पत्र्यावर घाव बद्द वाजतो आणि कडक झालेला पत्रा खणखणतो, एवढ्या खुणेवर वडील पुढचा ताव ठरवत.

पुढे धातुशास्त्र शिकताना याचे कारण समजले. घाव बसताना स्फटिकांमधील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातू न तुटता पसरतो. पण ठोकत राहिले की स्फटिकांतील दोष वाढून एकमेकांत अडकतात आणि थरांचे सरकणे अवघड होते. ताव दिल्यावर तेथे नवे, जवळजवळ निर्दोष स्फटिक तयार होतात. पुस्तकातील व्याख्येत या कडक होण्याचा उल्लेखच नव्हता, ही माझी तक्रार आजही आहे.

निघताना सरांनी विचारले की, मठार, म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे शेवटचे ठोके, मारून झाल्यावर शेवटचा ताव कधी देता. वडील म्हणाले, “देतच नाही. दिला, तर पाण्याने भरलेले घंगाळ उचलताना काठ वाकेल.” सोमवारी सरांनी हे वाक्य फळ्यावर व्याख्येच्या खाली जसेच्या तसे लिहिले.