पाय न टेकता

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साइड व्हीलच्या, म्हणजे दिव्यांगांसाठी बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटर गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं मडगार्ड मागच्या कोपऱ्यात फाटलेलं असतं. वेल्डिंग मारून द्यायचं, सहा महिन्यांत पुन्हा तिथंच फाटून येणार. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांनाच बोल लावत आलो. "जरा जपून वापरा की," म्हणायचो. ते नुसते हसायचे. मडगार्ड का फाटतं ते मला यंदा मार्चमधल्या एका दुपारी कळलं, गंगावेशीतल्या एका मेडिकलच्या दारात, गाडीवर अडकून बसलो होतो तेव्हा.

माझं दुकान कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. दिव्यांगांच्या स्कूटरला जोडचाकं बसवायचं काम वडिलांपासूनचं. त्यांनी पहिली गाडी केली ती चेतकवर. चेतकचा मागचा ब्रेक पायात, गिअर डाव्या हातात. पाय चालत नाही त्याला तो ब्रेक हातात आणून देणं हीच खरी कारागिरी, चाकं बसवणं त्यामानानं सोपं. 1984 साली कायनेटिक होंडा आली, बिनगिअरची, बटणावर चालू होणारी, आणि आमच्या धंद्याची निम्मी डोकेदुखी गेली. त्याच साली नसीमा हुरजूक यांनी इथं हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था काढली. त्यामुळे या गावाला चाकाची खुर्ची नवी नाही आणि आमच्या गाड्याही नव्या नाहीत.

काम असं असतं: चासीला यू क्लॅम्पनं धरलेली लोखंडी फ्रेम, तिच्या दोन टोकांना दोन चाकं, प्रत्येक चाकाला आपला शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग. गाडी ओढतं ते मधलं, कंपनीचंच चाक. बाजूची दोन नुसती तोल धरतात. सवय नसलेला माणूस यावर बसला की पहिल्याच वळणावर घाबरतो, कारण ही गाडी झुकत नाही. अंग टाकून वळवायला गेलात की सरळ गटारीत. हँडल फिरवूनच वळवावी लागते, आणि रस्त्याला कडेचा उतार असेल तर गाडी सारखी तिकडंच ओढते.

तर माझ्या गिऱ्हाइकांतल्या एक ताई. एका सरकारी कचेरीत लिपिक, पन्नाशीच्या अलीकडच्या, दोन्ही पायांना लहानपणीचा पोलिओ. कुबड्या ठेवायला गाडीच्या डाव्या बाजूला मीच क्लिपा करून दिल्यात. आधी शहर बसनं जायच्या, पण पहिली पायरीच गुडघ्याच्या वर. कंडक्टर चांगला भेटला तर दिवस चांगला. गाडी घेतल्यापासून चौदा वर्षं माझ्याकडेच येतात. त्या मार्चमध्ये डाव्या चाकाचे बुश बदलायला आल्या होत्या. बोलता बोलता मी सहज म्हणालो, "ताई, तुमच्या कचेरीत आत पार्किंगला एवढी जागा आहे. तुम्ही गाडी बाहेर रस्त्यावर कशाला लावता? उन्हात सीट फाटायला लागलंय बघा."

"आत लावली तर बाहेर कोण काढणार?"

मला कळलं नाही.

"मिस्त्री, मागं कशी घ्यायची? तुम्ही पायानं ढकलता. मी काय करू?"

गेली वीस वर्षं मी या गाड्या बनवतोय. प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतः चालवून बघतो. आणि प्रत्येक वेळी दुकानातून काढताना पायानं मागं रेटून काढतो. तोंडातला शब्द तोंडातच राहिला. ताईंनी ते ओळखलं आणि म्हणाल्या, "उद्या गाडी घरी पोचवायला येताय ना? फुलेवाडीपर्यंत पाय न टेकता या. टेकवलात तर बिल निम्मं."

मी हसून कबूल झालो. पाच-सहा किलोमीटरचा प्रश्न. कोल्हापूरचा माणूस, पैजेला नाही म्हणतोय होय!

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. दुकानातून बाहेरच पोरानं ढकलून दिलं, ते पैजेत धरलं नाही. पहिल्या पेट्रोल पंपावरच घोळ झाला. त्यांची गाडी जुन्या मॉडेलची, पेट्रोलचं झाकण सीटखाली. म्हणजे उतरल्याशिवाय पेट्रोल नाही. मागं सात-आठ मोटारसायकली. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन बघतोय. शेवटी मी सीटवरून पुढं घसरलो आणि फूटबोर्डवर बसलो, गुडघे हनुवटीला, दोन्ही हात हँडलला. पोरानं माझ्या पाठीमागनं सीट वर केलं ते माझ्या खांद्यावर आपटलं. मागनं एक जण ओरडला, "ओ मामा, उतरा की खाली, पाय दुखतात काय?" दोनशेचं पेट्रोल पडेपर्यंत मी तसाच. नंतर ताईंना विचारलं, तर त्या अगदी असंच करतात. फक्त गावातल्या एकाच पंपावर जातात. तिथल्या पोराला माहीत आहे, तो हळू करतो. तो पोरगा सुट्टीवर असला तर पेट्रोल दुसऱ्या दिवशी.

पुढं एका फुटक्या स्पीड ब्रेकरवर आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र सरळ माझी चूक. बाजूची दोन चाकं उंचवट्यावर, मधलं बरोबर खड्ड्यावर. ॲक्सिलरेटर दिला तर मधलं चाक अधांतरी गरगर फिरतंय आणि गाडी जागेला. बाजूचे शॉकअप मी कडक ठेवले होते. कडक ठेवले की गाडी डुलत नाही, गिऱ्हाईक खूश. पण मग सगळा भार ती दोनच चाकं उचलतात आणि ओढणारं चाक हलकं पडतं. माझं वजन 78 किलो, तरी ही तऱ्हा. ताई असतील 45-46 किलोच्या. मी बसल्या बसल्या पुढं-मागं हेलकावे दिले तेव्हा कुठं चाक टेकलं. एरवी एक पाय मारला असता आणि विसरून गेलो असतो.

मग गंगावेस. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. मेडिकलच्या ओट्याला समोरून गाडी लावली, जशी सगळे लावतात तशी. रस्त्याकडून ओट्याकडे थोडा उतार, मध्ये गटारीवरची फरशी. दुकानदार ओळखीचा, गोळ्या हातात आणून दिल्या, सुट्टे पैसेही दिले. आणि मी तिथंच. पुढं ओटा, डावीकडं बुलेट, उजवीकडं भाजीची हातगाडी. हँडल कितीही फिरवा, गाडी मागं यायची नाही. साध्या स्कूटरला रिव्हर्स नसतो, कारण तिला तो लागत नाही. चालवणाऱ्याचे दोन पाय हाच तिचा रिव्हर्स.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. दुकानदार आत दुसऱ्या गिऱ्हाइकात. उन्हं डोक्यावर. पाय दोन इंच खाली सोडला असता तर सुटलो असतो, आणि तिथं बघायला कोण होतं? पण आता पैजेपेक्षा डोक्यात दुसरंच शिरलं होतं: ताई अशा वेळी काय करत असतील?

कॉलेजचा एक पोरगा चालला होता. हाक मारली, "भावा, गाडी जरा मागं ओढ की."

तो आला. आधी चाकांकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. मग तोंडाकडं. "पाय तर धड आहेत की!"

मला काही सांगता येईना. खरं सांगावं तर पैजेची गोष्ट ऐकून तो निघून जाईल, खोटं सांगावं तर जीभ रेटेना. मी नुसता बसून राहिलो आणि कान तापले. ताई म्हणतात त्यांना याच्या उलटं होतं. लोक विचारत नाहीत काही, लगेच चौघं धावतात, ओढतात, आणि वर "कशाला बाहेर पडायचं बाई एकट्यानं?" ते असतंच.

पोरगा शेवटी गाडीच्या मागं गेला. धरायला जागा शोधली. सीटच्या मागचं हँडल जोडचाकाच्या फ्रेममध्ये लपलेलं, हात घालायला वाव नाही. मग जे समोर दिसतं तेच माणूस धरतो. त्यानं मडगार्डचा कोपरा धरला आणि सगळ्या जोरानं ओढला.

कर्रर्र.

मी वेल्डर आहे, पत्रा फाटल्याचा आवाज मला मागं न वळता कळतो. वीस वर्षांचं कोडं तिथं सुटलं. फुलेवाडीला पोचल्यावर ताईंनी मडगार्ड बघितलं आणि काही विचारलंच नाही. मीच म्हणालो, "बिल निम्मंच द्या." तांत्रिकदृष्ट्या मी पाय टेकवला नव्हता, पण ते बोलण्यात काही राम नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या या गाड्यांना आरसीवर पूर्वी 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे, 1988 च्या मोटार वाहन कायद्यातला शब्द. त्याची व्याख्या अशी की गाडी मुळातच खास बनवलेली पाहिजे, नुसता बदल केलेली चालणार नाही. म्हणजे अक्षर न् अक्षर धरलं तर आमची एकही गाडी त्यात बसत नव्हती, आणि तरी हजारो पास होत होत्या. 2019 च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेईकल' आला, बदल केलेली गाडीही त्यात धरली. आम्हाला बरं वाटलं. पण तो बदल पुरता करायचं, रिव्हर्सही द्यायचं, डोक्यात आलं नव्हतं, ना माझ्या, ना वडिलांच्या.

आणि वेळही निघून चाललीय. देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला. फार चांगलं झालं. पण माझी पोलिओची गिऱ्हाइकं आता पन्नाशीकडं निघालीत, आणि ज्या खांद्यांवर त्यांनी आयुष्यभर अंगाचा भार घेतला ते खांदे दुखायला लागलेत. भिंतीला हात लावून गाडी मागं रेटायची, हे पूर्वी काही जण करायचे. आता त्यांना जमत नाही. नवीन येतात ते अपघातात मणका गेलेले, किंवा साखरेच्या आजारात पाय कापावा लागलेले. त्यांच्या अंगात तर ती सवयही नसते.

रिव्हर्स करायचा म्हटलं तर इंजिनात हात घालणं आवाक्याबाहेरचं. म्हणून ई-बाइकची 250 वॅटची जुनी गिअर मोटर आणली, दोन वेगळ्या बॅटऱ्या, कारण स्कूटरची बॅटरी स्टार्टरपुरतीच. उजव्या जोडचाकाला सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेला ओढणारं दातेरी चक्र, उलटं बसवून चेन टाकली. जागेवर चाक मस्त उलटं फिरलं. मी खूश. गाडी पुढं नेली तर मोटरही फरफटत फिरायला लागली. सायकल हातानं मागं ढकलली की पॅडल उलटं फिरतंच, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी तीच सायकल उलटी जोडली होती. दोन दिवस त्यात गेले, आणि दुकानातल्या पोरानं ती गोष्ट आख्ख्या गल्लीत सांगितली.

शेवटी लेथवर लोखंडी रोलर काढला, वर नर्लिंग मारलं, म्हणजे पकडीसाठी खरखरीत खाचा, आणि हँडलपाशी एक लिव्हर दिला. लिव्हर ओढला की मोटरवरचा रोलर टायरला घट्ट टेकतो आणि चाक मागं फिरवतो. सोडला की स्प्रिंगनं बाजूला. एकाच चाकाला जोर असल्यामुळं मागं येताना गाडी तिरकी होते, हँडल धरून सरळ ठेवावी लागते. मागं दोन्ही बाजूंना पाइपचे कडे लावले, ओढायचीच वेळ आली तर धरायला. बाजूचे शॉकअप मऊ केले. आरटीओत मोटरच्या कागदांवरून काय काय झालं ते वेगळं प्रकरण आहे, ते इथं नको.

एप्रिलच्या शेवटी ताई आल्या. गाडी मुद्दाम दुकानात तोंड आत करून उभी केली होती. बसल्या, कुबड्या क्लिपेत अडकवल्या, लिव्हर ओढला. घुंईं आवाज करत गाडी मागं निघाली, उंबरा उतरली, गल्लीत आली आणि थांबवायच्या नादात समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर जाऊन आदळली. दोन कप फुटले. टपरीवाला काही बोलणार तोवर त्याच म्हणाल्या, "भरून देते हो. आजवर पुढंच धडकत होते."

कपांचे पैसे त्यांनी दिले. मी देत होतो, देऊ दिले नाहीत.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि संध्याकाळी फोन. "मिस्त्री, रोलर घसरतोय. कचेरीच्या पार्किंगमध्ये आहे मी, आत." ओल्या टायरवर नर्लिंग पकडत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मोटारसायकल काढली आणि गेलो. शिपायानं तोवर गाडी बाहेर काढून दिली होती, मागच्या कड्याला धरून. मडगार्ड शाबूत होतं. रोलरवर आता जुन्या टायरचं रबर चढवून बघतोय. पहिला रबर आठ दिवसांत सोलून निघाला, दुसरा काल चिकटवलाय.