भावंडांची भाजी

क्योतोला पोचले तो आठवडा तोजीचा होता, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाचा. त्या दिवशी भोपळा खायची जपानात जुनी रीत आहे. निशिकी बाजारात गडद हिरव्या सालीचे काबोचा भोपळे, किन्तोकी जातीची लालभडक गाजरं आणि हातभर लांब, मातकट गोबोची मुळं रचून ठेवलेली. बघूनच भूक लागली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या लाकडी घरात मॅक्रोबायोटिक स्वयंपाक शिकायला गेले, म्हणजे अख्खी धान्यं, कडधान्यं आणि भाज्यांचा साधा आहार. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. हा आहार परदेशांत नेणारे जॉर्ज ओसावा 1893 साली याच शहरात जन्मले. सेन्सेईंनी मात्र इतिहास वगैरे काही सांगितला नाही. वाटीभर अझुकी निवडायला पुढ्यात ठेवले.

अझुकी म्हणजे लालचुटूक बारीक दाणे, कडेला पांढरी रेघ. पातेल्याच्या तळाशी कोंबू या समुद्री शेवाळाचा चार बोटं तुकडा, त्यावर अझुकी, वर पाणी. उकळी फुटली की अर्धी वाटी गार पाणी ओतायचं. याला म्हणतात ‘बिक्कुरी मिझु’, दचकवणारं पाणी. साल आणि गर एकसारखे शिजावेत म्हणून हे दोन-तीनदा करायचं. तासाभरानं सेन्सेईंनी एक दाणा माझ्या अंगठ्यात आणि करंगळीत धरायला लावला. करंगळीत जोर कमी, तिनंही चिरडला गेला तर दाणा शिजला. माझ्या बोटांना आत कणी लागली. आणखी वीस मिनिटं!

मग भोपळ्याच्या फोडी, सालीसकट. झाकण, मंद आच, आणि मीठ अगदी शेवटी, चिमूटभर. ना साखर, ना फोडणी. तोवर आम्ही गोबो काथ्याच्या घासणीनं नुसतं घासून घेतलं (सोलायचं नाही, वास सालीतच असतो), काडीसारखं चिरलं आणि गाजराबरोबर तिळाच्या तेलात परतून सोया सॉस घातला. ही किनपिरा.

भोपळ्याचा पहिला घास घेतला आणि गप्पच झाले. इतका गोड! दाण्यांचा पिठूळपणा त्या गोडीला धरून होता. रोजच्या भाजीत मी केवढं काय काय घालते, असं वाटून गेलं.

या भाजीचं नाव ‘इतोकोनि’. इतोको म्हणजे चुलत-मामे भावंडं. मी सांगितलं, की अझुकी आमच्या मूग, मटकी, चवळीच्या कुळातलेच, म्हणजे खरोखरीच भावंडं. सेन्सेई खुलल्या. तुम्ही भोपळ्याचं काय करता, म्हणून विचारलं. मी घारगे सांगितले: किसलेला भोपळा, गूळ, कणीक, वेलची. त्यांनी वही काढली. जपानीत ‘घा’ नाही, म्हणून मला दोनदा म्हणायला लावून त्यांनी कताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिलं, ‘गारुगे’, आणि खाली भोपळ्याचं छोटं चित्र काढलं.