वरण-भाताचा पुरावा

माझ्या बायकोकडे इंग्लंडची 'इनडेफिनिट लीव्ह' आहे. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे बिनमुदत रजा? पगारी की बिनपगारी?" ही रजा नव्हे, तिकडे कायम राहायची परवानगी आहे आणि तिच्या जोरावर सूनबाई मला लीड्सला नेणार आहेत, हे समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी आई म्हणाली, "म्हणजे पाठवणी तुझी."

माझ्या व्हिसाचा अर्ज ऑगस्ट २०२४ मध्ये भरला. कामाची वाटणी सरळ होती. पगार तिने सिद्ध करायचा, संसार मी. त्याच वर्षीच्या ११ एप्रिलपासून तिकडच्या सरकारने किमान उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली होती. तिने सहा महिन्यांच्या पगारपावत्या काढल्या, बँकेचे कागद जोडले आणि एका दुपारीत मोकळी झाली. मी मात्र छातीचा एक्स-रे काढून क्षय नसल्याचा दाखला आणला. बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो, तरी 'तुमच्या घरी कोण कोण असतं?' छापाची पाच-सहा मिनिटांची तोंडी परीक्षा देऊन मला इंग्रजी येतं हे शाबीत केलं. तिथल्या दवाखान्याचे तीन वर्षांचे ३,१०५ पौंड आगाऊ भरले. तिथली साधी सर्दीसुद्धा अजून झालेली नाही.

खरी पंचाईत पुढे होती. आमचं नातं खरं आहे आणि चालू आहे, हे दाखवायचं होतं. लग्नाच्या दाखल्याने त्रास दिला नाही. आपल्याकडचा 'नमुना ई' मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, भाषांतराचा खर्च वाचला. फोटोंनी मात्र घात केला. अल्बममध्ये आम्ही दोघंच आहोत असा फोटो सापडेना. प्रत्येकात मध्ये कुणीतरी काकू. एका फोटोत दोघंच आहोत, पण डोळ्यात अक्षता गेल्यामुळे मी डोळा चोळतोय आणि ती भटजींकडे बघतेय. तोच जोडला.

मग व्हॉट्सॲप. दोन वर्षांच्या गप्पांतून निवडक पानं काढायची, म्हणून रात्री बसलो. वाटलं होतं, काय निवडू नि काय नको असं होईल. निघालं ते असं:

"जेवलास?"
"हो. तू?"
"आत्ता. काय होतं?"
"वरण-भात."

दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी वरणाच्या जागी आमटी. विरह, ओढ वगैरे शब्द शोधून पाहिले. 'ओढ' एकदाच सापडला, तोही गाडी ओढून नेल्याबद्दल. लाजत लाजत महिन्याला एक पान याप्रमाणे भाषांतर करून लावलं. तिकडचा साहेब ते वाचून आम्हाला एक तर मुरलेलं जोडपं समजेल, नाहीतर वरण-भात हा कसला तरी सांकेतिक शब्द समजेल.

बोटांचे ठसे दिले आणि वाट बघणं सुरू झालं. साताऱ्यात ही खासगी गोष्ट राहत नाही. "आला का?" एवढंच विचारतात, नळाचं पाणी विचारावं तसं. नवीन चपला घ्याव्यात तर तिकडे बूट लागतील. प्राचार्य विचारतात, "दुसरं सत्र धरू ना तुम्हाला?" मी अशी मान हलवतो की त्यांना काय हवं ते त्यांनी समजावं. दिवसातून चाळीसदा मेल उघडतो; कर्ज देऊ करणारी माणसं माझ्यावर फार लोभ करून आहेत.

मग भाकरी शिकायला घेतली. तिकडे गेल्यावर आयतं कोण देणार, असं आईचं म्हणणं. ज्वारीच्या पिठात कढत पाणी, मग तळव्याच्या टाचेने रगडत राहायचं. किती? "भेग पडेना होईपर्यंत." परातीत पीठ भुरभुरून थापायला लागलं की भाकरी गोल फिरली पाहिजे, माझी फिरत नाही, मीच परातीभोवती फिरतो. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची. रोज एका निराळ्या तालुक्याचा नकाशा होतो. फोटो पाठवला की लीड्सहून उत्तर येतं, "आज पाटण." फुगलेली मात्र महिनाभराने एकच निघाली, आणि फोटो काढेपर्यंत बसली.

ऑक्टोबर संपत आला. २७ तारखेच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे आमच्यातलं साडेचार तासांचं अंतर साडेपाचावर गेलं. त्याच दुपारी दिवाळीची आवराआवर चालली होती. आईने भिंतीवरचं घड्याळ उतरवून पुसलं आणि पलंगावर ठेवलं, उलटं, बारा माझ्याकडे करून. तीन वाजले होते. सहज नजर गेली तर छोटा काटा नवाच्या जागी आणि मोठा खाली, सहाच्या. साडेनऊ! लीड्सची वेळ. पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं, बरोबरच.

"लाव आता ते," आई खालून म्हणाली. स्टुलावर चढलो आणि घड्याळ तसंच, उलटं धरून उभा राहिलो. रविवारचे साडेनऊ. अजून उठली नसेल.