हळद पोचली का, हे आधी विचारावे

गेल्या जुलै महिन्यात पुण्याच्या एका जुन्या ग्राहकबाईंचे तीन ओळींचे उत्तर आले. आमच्याकडून त्यांना आपोआप गेलेल्या मेलमध्ये ‘हळद कशी वाटली? भाजीला रंग कसा आला?’ असे मोठ्या आपुलकीने विचारले होते. त्यावर त्यांनी लिहिले होते की, पार्सल अजून हातात पडलेलेच नाही, तेव्हा रंगाबद्दल काय सांगणार. पार्सल पावसामुळे वाटेत कुठेतरी अडकले होते. मी मात्र ऑर्डर नोंदवल्यापासून दहा दिवस मोजून मेल जाईल अशी व्यवस्था करून ठेवली होती, आणि यंत्राने सांगितलेले काम चोख बजावले होते. जेवताना मी हा प्रकार घरी सांगितला, तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, एवढेच म्हणाले, “काहून सूनबाई, हळद पोचली का नाही हे आधी इचारलं का त्याइले?” त्यानंतरचे सात-आठ महिने मी आमच्या मेलांची सगळी आखणी नव्याने केली. ती कशी केली, हे येथे लिहीत आहे.

आमचे वावर वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात आहे. याच तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहरांतील लोक या हळदीला नावाने विचारू लागले. आम्ही थोडी हळद घरीच दळून पाव, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटांत विकतो. एक्सेलच्या तक्त्यात आज साधारण ३४० ग्राहक आहेत. त्यांपैकी बहुतेक जण उन्हाळ्यात, वर्षाचे तिखट आणि मसाले भरून ठेवण्याच्या दिवसांत एकदा मागवतात आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना आमची आणि आम्हाला त्यांची आठवण राहत नाही. बाजार समितीतील व्यापाऱ्याशी भांडण झाले तरी त्याचे तोंड दिसते. या लोकांचे तोंडच आम्ही पाहिलेले नाही.

आधी आम्ही व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरून पाहिली. तिच्यात एका यादीला २५६ जणांची मर्यादा होती, आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केलेला असेल त्यांनाच संदेश मिळतो. हळद वर्षातून एकदा घेणारा माणूस शेतकऱ्याचा नंबर कशाला जतन करील? मेलला ही अट नाही, शिवाय पावती आणि जुना पत्रव्यवहार शोधला की सापडतो. स्वयंचलित मेलकडे वळण्याचे खरे कारण मात्र वेगळे होते. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे हे काम जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, आणि याच दिवसांत नव्या मालाची चौकशीही सुरू होते. ज्या काळात ग्राहकाला उत्तर हवे असते, नेमक्या त्याच काळात घरातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. गावातली वीज गेली तरी मेल पाठवणारी सेवा दूरच्या सर्व्हरवर चालू राहते, एवढाच तिचा मोठेपणा. नाते जोडणे तिला जमत नाही, ती फक्त आपण ठरवलेली वेळ पाळते.

म्हणून पहिला बदल वेळेच्या मोजणीत केला. आता ऑर्डर येताच जाणाऱ्या मेलमध्ये किती माल, किती पैसे आणि पार्सल साधारण कधी निघेल एवढेच असते. पार्सल निघाले की त्याचा क्रमांक जातो. त्यानंतरचे सर्व दिवस ऑर्डरच्या तारखेऐवजी पार्सल पोचल्याच्या तारखेपासून मोजले जातात. ही तारीख आपोआप मिळत नाही. माझी पुतणी रोज संध्याकाळी कुरिअरच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहते आणि तक्त्यातल्या एका रकान्यात तारीख भरते. रकाना भरला की पुढच्या मेलांची मालिका सुरू होते. बारा दिवस रकाना रिकामाच राहिला, तर मेल ग्राहकाला न जाता मला येतो. हा उलटा मेल म्हणजे सगळ्या आखणीतील सर्वांत उपयोगी भाग आहे, असे माझे मत झाले आहे, कारण त्यामुळे ग्राहकाने चौकशी करण्याच्या आधी आपण फोन करू शकतो.

पोचल्यानंतर दोन दिवसांनी जाणाऱ्या मेलमध्ये एकच प्रश्न असतो: पाकीट धड पोचले का, फुटले किंवा ओलसर झाले आहे का. सोबत साठवणुकीच्या दोन ओळी असतात, कारण हळदीतील कर्क्युमिन उजेडाने कमी होत जाते आणि ओट्यावर उन्हात ठेवलेल्या काचेच्या बरणीत हळद फिकी पडली की दोष आमच्या मालाला लागतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरावा, ओला चमचा घालू नये, एवढे सांगितले की पुरते. चवीबद्दलचा प्रश्न मी तीन आठवडे पुढे ढकलला. पाकीट फोडून, जुनी हळद संपवून, नवी चार-सहा वेळा फोडणीत पडल्याशिवाय कोणत्याही गृहिणीला तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नसते. याच मेलमध्ये आम्ही हळद कशी शिजवतो ते मी लिहिते: कढईत टाकलेल्या हळकुंडांत गवताची काडी सहज शिरली की ती उतरवायची, मग दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवायची, आणि ओल्या पाच किलोंची वाळून जेमतेम एक किलो उरते. हे शेवटचे वाक्य वाचून दोघांनी कळवले की, भाव आता महाग वाटत नाही. भाव पटवून देण्यासाठी याहून जास्त मी काहीही लिहिलेले नाही.

‘हळद संपत आली असेल’ या मेलाची वेळ ठरवणे सर्वांत अवघड गेले. चार माणसांच्या घरात दिवसाला तीन-चार ग्रॅम हळद लागते असे धरले, तर अर्धा किलो साधारण साडेचार महिने पुरते. पण एकत्र कुटुंब, घरचे लग्न, लोणच्याचे दिवस किंवा परदेशात एकटा राहणारा मुलगा यांनी हा हिशेब पार बदलतो. पहिल्या वर्षी पाकिटाच्या वजनावरून अंदाज धरायचा आणि दुसरी ऑर्डर आली की त्या घराचे स्वतःचे अंतर तक्त्यात नोंदवून तेच पुढे वापरायचे, असे शेवटी ठरवले. पंगतीत वाढणारा ज्याप्रमाणे पत्रावळीकडे पाहून पळी पुढे करतो, तसे हे असावे. भरल्या पानावर वाढू पाहणाऱ्याला कोणी आग्रही म्हणत नाही, आंधळा म्हणतात. म्हणूनच थांबण्याच्या अटी मी पाठवण्याच्या अटींच्या आधी लिहून काढल्या. ग्राहकाने उत्तर दिले, तक्रार केली किंवा पुन्हा ऑर्डर नोंदवली, की त्याची चालू मालिका तिथेच थांबते आणि पुढचे बोलणे माणसाने करायचे. फुटक्या पाकिटाचा फोटो पाठवणाऱ्याला तीन आठवड्यांनी ‘स्वाद कसा वाटला?’ असा मेल गेला, तर पुण्याच्या त्या बाईंसारखे सौम्य उत्तर येईलच असे नाही.

उत्तर देता येणार नाही असा पत्ता वापरण्याचा सल्ला मला एकाने दिला होता. तो मी मानला नाही. आमचे सर्व मेल ज्या पत्त्यावरून जातात त्याच पत्त्यावर उत्तरे येतात, आणि रात्री जेवणानंतर मी गच्चीवर, जिथे नेटवर्क नीट मिळते तिथे, ती वाचते.

तांत्रिक बाजूने आमचे नुकसान एकाच अज्ञानाने झाले. आम्ही जीमेलचा फुकटचा पत्ता पाठवणारा म्हणून दाखवत होतो आणि मेल प्रत्यक्षात दुसऱ्याच सेवेच्या सर्व्हरवरून निघत होते. त्यामुळे कित्येक मेल स्पॅममध्ये पडत. स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ च्या पुढे येणारे नाव, घेऊन त्यात तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ ही नोंद आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगते, डीकेआयएम या नोंदीमुळे मेलवरची सही तपासता येते, आणि या दोन्हींपैकी एकही पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळली नाही तर काय करावे हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि जाहिरातीच्या मेलांत एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय सक्तीची झाली, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले गेले. आम्ही ५,००० मेलांच्या जवळपासही नाही, पण हिशेब करून पाहावा: ३०० मेल पाठवल्यावर एकाच माणसाने स्पॅमचे बटण दाबले, तरी प्रमाण ०.३३ टक्के होते. लहान विक्रेत्याला एका माणसाची नाराजीसुद्धा परवडत नाही, ती अशी.

त्यातच मी हौसेने चित्रांचा आणि रंगीत चौकटींचा एक तयार साचा वापरत होते. मेलचा मजकूर सुमारे १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो खालून कापतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत तीन बाइट घेते हे खरे, पण भार मराठीचा नव्हता, साच्याच्या अदृश्य कोडचा होता. कापल्या गेलेल्या शेपटीत यादीतून बाहेर पडण्याचा दुवा होता. ज्याला तो सापडत नाही तो स्पॅमचे बटण दाबतो. आता आमचा मेल साध्या पत्रासारखा, एका फोटोचा आणि सात-आठ वाक्यांचा असतो, आणि बाहेर पडण्याची ओळ मराठीत व ठळक असते. मेल किती जणांनी उघडला हा आकडा पाहणे मी सोडून दिले आहे, कारण ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये चित्रे आधीच उतरवून ठेवण्याची सोय दिली आणि तेव्हापासून न वाचलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. मी उत्तरे मोजते.

नागपूरच्या एका प्रदर्शनात अभिप्रायाच्या वहीत बऱ्याच लोकांनी आपले मेल पत्ते लिहिले होते. दीर म्हणाले की, तेही यादीत घालावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे संमती विशिष्ट हेतूसाठी आणि स्पष्ट असावी लागते, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. अभिप्राय लिहिणाऱ्याने हळदीच्या पत्रांना संमती दिलेली नव्हती. वही कपाटात आहे.

एक पत्र मात्र मी मालिकेत घातलेले नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर लागवडीचे जे पत्र सर्वांना जाते, ते दर वर्षी नव्याने लिहिते, आणि वर्षभरातील सर्वांत जास्त उत्तरे त्यालाच येतात. नव्या हळदीची खबर देणारा मेल तयार करून ठेवलेला असतो, पण त्याला तारीख लावलेली नसते. यंदा फेब्रुवारीअखेर दोन वेळा आभाळ भरून आले, वाळत घातलेली हळद झाकून ठेवावी लागली आणि वाळवण लांबले. मामाजी रोज सकाळी ढिगातून एक हळकुंड उचलून मोडून पाहत होते. पुरेसे वाळलेले हळकुंड मोडताना धातूसारखा कडक आवाज करते, आणि ओल राहिली असेल तर नुसतेच वाकून तुटते. ११ मार्चला दुपारी त्यांनी अंगणातून हाक मारली, मी हात धुतले आणि तो मेल पाठवला.